एक पाटी लिहायची राहिली

नाना,

श्रीकांत तुम्हाला घेऊन मुंबईच्या विमानाने गेला, त्याला आज अकरा दिवस झाले. मुक्ताची परीक्षा होती म्हणून मी दोह्यातच राहिले, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरंही आहे. पण पुण्याच्या घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला 'शेवटी काय झालं' हे पहिल्यापासून सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं, हे जास्त खरं.

जाण्याआधी श्रीकांत कागदपत्रं भरत बसला होता. एका फॉर्मवर मृताचा व्यवसाय विचारला होता. त्याने लिहिलं, 'निवृत्त शिक्षक'. मी त्याच्या मागे उभी होते. म्हटलं, "पटकथालेखक लिही ना."

"वसू, हा फॉर्म आहे. उद्या कुणी पुरावा मागितला तर काय दाखवू?"

आणि मला राग आला तो त्याचा नाही, तुमचा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. अकरा दिवस प्रयत्न केला, जमत नाही. म्हणून त्याच टेबलाशी, त्याच वहीसमोर बसले आहे.

माई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे, दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये, राहायला आलात. सून म्हणून मी तुम्हाला ओळखत होते ते मिरजेच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलेले, कमी बोलणारे, ताटात काही न टाकणारे सासरे म्हणून. तरुणपणी तुम्ही अमेरिकेत सिनेमात 'काहीतरी' होतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच त्याबद्दल बोलत नसे. श्रीकांत एकदाच म्हणाला होता, "नानांच्या त्या गोष्टी आहेत. तू विचारू नकोस, म्हणजे ते सांगणार नाहीत."

मी विचारलं नाही. तुम्हीच सुरुवात केलीत. सकाळी साडेसहाला श्रीकांत ऑफिसला जायचा, मग मुक्ताची बस यायची, आणि घरात आपण दोघं आणि एसीची घरघर उरायची. लग्नाआधी सहा वर्षं मी पुण्यात एका वाचनालयात ग्रंथपाल होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला काम नाही. घरातली पुस्तकं मी तिसऱ्यांदा विषयवार लावत होते. तुम्ही चहाचा कप घेऊन बघत उभे राहिलात आणि म्हणालात,

"ग्रंथपालबाई, एक नवीन पुस्तक आणून देऊ का?"

"कुठून, नाना?"

तुम्ही कपाने स्वतःच्या डोक्याकडे खूण केलीत. चहा शर्टावर सांडला.

मी खालच्या बकालातून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, वह्या आणल्या. त्या दुकानात किराण्यापासून पाटीपेन्सिलीपर्यंत सगळं मिळतं असं मला वाटायचं. पाटीपेन्सिल मिळत नाही हे नंतर कळलं. वही उघडली तर समास उजवीकडे. अरबी वही, ती उजवीकडून उघडायची. मी आपल्या सवयीने डावीकडून सुरुवात केली आणि सहा पानं झाल्यावर लक्षात आलं की आपण वहीच्या शेवटापासून लिहीत आहोत. तुम्ही खूश झालात. "बरोबर आहे. माझी गोष्ट शेवटाकडूनच सांगायला हवी. सुरुवात कुणी मानतच नाही."

रोज सुरू करण्याआधी तुम्ही विचारायचात, "पेन उघडलं?" मी म्हणायची, "उघडलंय, नाना. सांगा." जवळजवळ वर्षभर हे चाललं.

तुमची गोष्ट मला आता पाठ आहे. साखरेचं रसायनशास्त्र शिकायला तुम्हाला कॅलिफोर्नियाला पाठवलं होतं. थोरल्या भावाने जमीन विकून पाठवलं होतं. लग्न होऊन सात महिने झाले होते. माई चौदा वर्षांच्या होत्या. दुसऱ्या वर्षी तुम्ही कॉलेज सोडलंत. कारण एका सुट्टीत तुम्ही हॉलिवूडमध्ये फेटा बांधून सिनेमातल्या सुलतानाच्या दारात पहारेकरी म्हणून उभे राहिलात. त्या सुलतानाच्या महालात गणपतीची मूर्ती होती आणि सुलतान तिच्यासमोर नमाज पढत होता. तुम्ही हात वर करून दिग्दर्शकाला म्हणालात, हे चूक आहे. त्याने विचारलं, "पडद्यावर कुणाला कळणार?" तुम्ही म्हणालात, "मला." लोक हसले. पण संध्याकाळी एका बाईने तुम्हाला बोलावून घेतलं.

त्या बाईचं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत. नुसतं 'बाई' म्हणायचात, आपल्याकडे शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. त्या काळी सिनेमा मुका होता. माणसं ओठ हलवायची आणि मग पडद्यावर अक्षरं यायची. त्या अक्षरांना तुम्ही 'पाटी' म्हणायचात, आणि पाट्या लिहिणाऱ्यांच्या खोलीत बाई मुख्य होत्या. एक लांब टेबल, सहा खुर्च्या, हातात कात्री. बाईंचा एकच नियम होता: स्टुडिओच्या फाटकावर एक म्हातारा दरवान होता, त्याला वाचायला फार वेळ लागायचा. त्याचं दोनदा वाचून होईल इतका वेळ पाटी पडद्यावर राहिली पाहिजे. म्हणजे शब्द कमी पाहिजेत. "जो सगळ्यात हळू वाचतो," तुम्ही सांगायचात, "त्याच्यासाठी लिहायचं. बाकीचे थांबतात."

नाना, हे वाक्य मी वहीत लिहिलं तेव्हा मला फार आवडलं होतं. आता तेच वाचलं की हात थांबतो. का, ते पुढे येईल.

तुम्ही आधी नुसत्या पाट्या कापत होतात, मग लिहू लागलात, मग आख्ख्या गोष्टी. चार सिनेमांच्या कथा तुमच्या, असं तुम्ही सांगितलंत. एकाही सिनेमावर तुमचं नाव नाही. 'अनंत' हे नाव पडद्यावर आलं तर प्रेक्षक वाचताना अडखळतील, असं तुम्हाला सांगण्यात आलं. तुम्ही ते मान्य केलंत! मी पेन ठेवून विचारलं होतं, "तुम्ही भांडला नाहीत?"

"अगं, बरोबरच होतं त्यांचं. दरवान अडखळलाच असता."

मला त्या दिवशी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. दुसऱ्याच्या चुकीसाठी तुम्ही सुलतानाला थांबवलंत, आणि स्वतःच्या नावासाठी तोंडातून शब्द काढला नाहीत.

आणि मग ती तुमची शिकवण. मी लिहिलं, 'नानांना तिथे फार एकटं वाटत असे.' तुम्ही चष्मा लावून वाचलंत. "काढ हे. 'एकटं वाटलं' कॅमेऱ्याला दिसतं का?"

"हे पुस्तक आहे, नाना. सिनेमा नाही."

"पुस्तकातही दिसलं पाहिजे. मन दिसत नाही. हात दिसतात."

"मग काय लिहू?"

तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "माझ्याकडे एकच ताटली होती. तीत जेवायचं, ती धुवायची, पुसायची, आणि संध्याकाळी पुन्हा तीच काढायची. एवढं लिही."

मी ते लिहिलं. माझ्या वाक्यापेक्षा ते शंभरपट चांगलं होतं, हे कबूल करते. तुमच्यामुळे मी लिहायला शिकले, हेही कबूल. सहा वर्षं पुस्तकांना नंबर चिकटवून मला जे कळलं नव्हतं ते तुम्ही वर्षभरात दाखवलंत. पण त्याबरोबर तुम्ही माझ्या हातातून सगळे सोपे शब्दही काढून घेतलेत. आता 'तुमची आठवण येते' असं लिहायला जाते आणि तुमचा आवाज ऐकू येतो, काढ हे.

आपला खलास शब्द तुम्हाला इथे अरबीत भेटला तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे हरखला होतात. बकालातल्या मलबारी दुकानदाराला तुम्ही पाव मागितला आणि तो हात झटकून म्हणाला, "खलास." घरी येऊन तुम्ही मला सांगितलंत, "वसू, या माणसाला बाईंनी ताबडतोब नोकरी दिली असती! पाव संपला, दुकान बंद होतंय, उद्या या, मला त्रास देऊ नका. सगळं एका शब्दात." पुढे बोलपट आले तेव्हाची गोष्ट तुम्ही त्याच शब्दात सांगितलीत. एका सकाळी तुम्ही कामावर गेलात, लांब टेबलावर सहा खुर्च्या उलट्या ठेवलेल्या होत्या. "खलास," तुम्ही म्हणालात, आणि मला तो भाग त्याहून जास्त लिहू दिला नाहीत.

त्यानंतर तुम्ही परत आलात. कोल्हापुरात आणि पुण्यात मराठी बोलपटांसाठी काही वर्षं लिहिलंत. तिथे निर्मात्यांना पल्लेदार संवाद हवे होते आणि तुम्ही पानभर लिहून त्यातली दोन वाक्यं ठेवत होतात. एका निर्मात्याने तुमच्या तोंडावर म्हटलं, "अहो, लोक आता ऐकायला येतात, तुम्ही अजून मुक्यांसाठी लिहिताय." मग मिरज, हायस्कूल, इंग्रजी.

हे सगळं आपण तीन वह्यांत लिहिलं. यात एकच गोष्ट नव्हती. तुम्ही अमेरिकेत होतात ती सात वर्षं मिरजेत माई काय करत होत्या?

मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "ती होती ना घरी." दुसऱ्यांदा म्हणालात, "पुढं घेऊ ते." तिसऱ्यांदा तुम्हाला ऐकू आलं नाही. तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले होते, नाना. शेजारच्या फ्लॅटमध्ये रेडिओ लागला तर तुम्ही स्टेशन ओळखायचात.

हिवाळ्यात श्रीकांतच्या ऑफिसमधल्या एकाने जुन्या मूकपटांची व्हिडिओ कॅसेट आणली होती, ती शुक्रवार तुम्हाला आठवत असेल. आपण चौघंही बसलो होतो. एक खलाशी बोटीवर निघाला आहे, बायको किनाऱ्यावर उभी आहे. त्याचे ओठ हलले. आणि पाटी यायच्या आत तुम्ही मराठीत म्हणालात, "दिवा ठेव. मला उशीर होईल." मग पडद्यावर इंग्रजीत तेच आलं. जेमतेम तेवढेच शब्द.

मुक्ता किंचाळली, "Nana, how did you know?"

तिला मराठी सगळं कळतं, मग उत्तर इंग्रजीत का येतं, हे तुमच्या डोक्यात कधी नीट बसलं नाही. तुम्ही तिला मराठीत म्हणालात, "मी लिहिलीय ती, बाळ."

श्रीकांत म्हणाला, "नाना, हा सिनेमा तुम्ही आधी पाहिला असेल."

"पाहिला आहेच. लिहिणाऱ्याने पाहू नये का?"

"तसं नाही हो. म्हणजे, पाहिला असेल म्हणून आठवत असेल."

मला वाटलं होतं तुम्ही आता तरी चिडाल. तुम्ही शेंगदाण्याची वाटी पुढे ओढलीत. सिनेमा संपल्यावर मी कॅसेट मागे नेऊन सुरुवातीची नावांची यादी टीव्हीजवळ उकिडवी बसून वाचली. अनंत नव्हतं. अडखळण्यासारखं एकही नाव त्यात नव्हतं.

मला पुरावा नको होता. मला तुमचं खरं वाटत होतं. मला वेगळाच प्रश्न छळत होता: पन्नासेक वर्षांपूर्वी एका काल्पनिक खलाशाने बायकोला काय म्हटलं, ते तुम्हाला अक्षरशः आठवतं. तुम्ही तुमच्या बायकोला काय म्हणालात?

ते मला माहीत होतं. इथेच मी तुमच्याशी लबाडी केली. तुम्हाला विचारत होते तेव्हा मला अर्धं उत्तर आधीच ठाऊक होतं. मुक्ताच्या जन्माच्या वेळी माई माझ्या बाळंतपणाला पुण्यात येऊन राहिल्या होत्या. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना त्या सहज सांगायच्या, माझ्याकडे न बघता. ते मी तुम्हाला सांगेन असं कधी ठरवलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही सांगायला लावलंत.

तो रविवार. चौथी वही. मी म्हटलं, "आज परत आल्याचा दिवस घ्यायचाच, नाना. मी उठणार नाही."

तुम्ही बराच वेळ बोटाने टेबलावरच्या प्लास्टिकवर रेघा ओढत होतात. मग सांगू लागलात, आणि तुमच्या पद्धतीने सांगितलंत. ते असं वहीत आहे:

'अंगण. संध्याकाळ. फाटकाशी टांगा थांबतो. एक माणूस उतरतो, हातात पेटी, डोक्यावर हॅट. हॅट तो काढतो. दारात एक बाई. तो गेला तेव्हा ती त्याच्या खांद्याला लागत होती. आता कानाला लागते. तिच्या हातात मुलांची पाटी आहे. ती पाटी पाठीमागे धरते. दोघं एकमेकांकडे बघतात.'

"पुढे?" मी विचारलं.

"पुढं पाटी येते."

मी लिहिलं: 'पाटी:' आणि थांबले. "काय आहे तीत?"

"ते मागाहून."

"मागाहून कधी? तुम्ही काय बोललात ते सांगा ना."

"काही नाही बोललो. आत गेलो. भावाच्या पाया पडलो."

"आणि तिच्या हातात पाटी कशाला होती?"

"पुतणीची असेल. पुसत असेल उभी."

तेव्हा माझा तोल गेला. मी पेनचं टोपण लावलं आणि तुम्हाला सांगितलं. तुमची पत्रं दीड-दोन महिन्यांनी यायची. थोरले भावजी, म्हणजे तुमचे भाऊ, ती माजघरात सगळ्यांना वाचून दाखवायचे आणि मग तारेला टोचून ठेवायचे. माई दाराआड उभ्या राहून ऐकायच्या. तुम्ही तिथल्या हवेबद्दल लिहायचात, प्रकृतीबद्दल, एकदा संत्र्याच्या बागेबद्दल. शेवटी नेहमीचं: वडील मंडळींस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद. माई मला म्हणाल्या होत्या, "मी थोरल्यांत की लहानांत, तेच मला कळायचं नाही गं. नमस्कार घ्यायचा की आशीर्वाद?"

त्यांना वाटलं, भावजी गाळत असतील. चारचौघांत वाचायचं नाही असं एखादं वाक्य असेल आणि ते मोठेपणाने गिळून टाकत असतील. हे शोधायचा एकच उपाय होता. त्यांनी पुतणीची पाटी घेतली आणि तिच्याकडून एकेक अक्षर काढून घेतलं. भांडी घासून झाल्यावर, मागच्या दाराशी बसून. दोन वर्षं लागली. मग एका दुपारी सगळे झोपले असताना त्यांनी ती तार खाली उतरवली आणि तुमचं प्रत्येक पत्र अक्षराखाली बोट ठेवून वाचलं. प्रत्येक पत्र दोनदा.

"भावजींनी एक अक्षर गाळलं नव्हतं," माई म्हणाल्या. आणि मुक्ताच्या डोक्यावर पाणी ओतलं.

मी हे सांगत होते तेव्हा तुम्ही माझ्या हातांकडे बघत होतात. मी म्हटलं, "ती पाटी पुतणीची नव्हती, नाना. म्हणजे पुतणीचीच होती, पण तुम्ही दारात दिसलात तेव्हा ती त्यांची होती. तुम्ही आयुष्यभर ती बघत आलात आणि तुम्हाला कळली नाही. कॅमेऱ्याला दिसतं म्हणता ना?"

तुम्ही म्हणालात, "भाऊ मोठ्याने वाचायचा. सगळ्यांसमोर. मी काय लिहिणार होतो?"

"दोन वाक्यांत परक्या माणसांना रडवत होतात. घरच्या माणसासाठी एक पाटी सुचली नाही?"

"लिहिली होती."

"कुठे? तारेत नव्हती."

"ती खलाशाची." तुमचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. "दिवा ठेव. ती तिच्यासाठी लिहिली होती. सिनेमे तेव्हा सगळीकडं जायचे, वसू. मुंबईला, तिथून फिरत्या तंबूतनं गावोगाव. तंबूत एक माणूस पडद्याशेजारी उभा राहून पाट्या मराठीत वाचून दाखवायचा. मला वाटलं, मिरजेला जाईल. कुणीतरी वाचून दाखवेल."

त्या दिवशी मी म्हणाले, "तुमच्या घरातल्या बायका तंबूत जात नव्हत्या, नाना."

आणि वही मिटून स्वयंपाकघरात गेले.

दोन दिवस मी वही उघडली नाही. तुमच्या जेवणाखाण्याचं सगळं केलं, औषधं दिली, संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशवर, फिरायला नेलं. आपण समुद्राकडे तोंड करून बाकावर बसलो आणि मी मुक्ताच्या युनिफॉर्मबद्दल बोलले. तुम्ही 'हो' म्हणालात. तो होकार कशाला होता ते मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही टेबलाशी येऊन बसलात. दाढी केली होतीत. मी डाळ निवडत होते. तुम्ही म्हणालात, "पेन उघड, वसू. मला एक पाटी लिहायचीय."

मी वरही पाहिलं नाही. मला वाटलं, तुम्ही पुन्हा तिकडेच निघालात, बाईंच्या टेबलाकडे, दरवानाकडे, अमक्या सिनेमातली पाटी मी कशी कापली तिकडे. वर्षभर जसं चुकवलंत तसं. मी म्हटलं, "पाट्यांचं पुरे झालं आता, नाना. वर्षभर तेच लिहितोय."

"बरं," तुम्ही म्हणालात.

एवढंच. "एकच आहे," असंही म्हणाला नाहीत. "ती वेगळी," असं नाही. पडद्यावर, पत्रात आणि माझ्यासमोर, प्रत्येक ठिकाणी तुम्ही 'बरं' म्हणून बाजूला झालात. तुमचा एक जादा शब्द तेव्हा खर्च झाला असता तर काय बिघडलं असतं? मी हळू वाचणारी आहे, नाना. माझ्यासाठी थोडं थांबायला हवं होतं.

जेवण झाल्यावर तुम्ही आडवे झालात. चार वाजता मी चहा घेऊन आले. पुढचं तुम्ही मला लिहू देणार नाही, आणि मलाही लिहायचं नाही.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले, शेजारी येऊन गेले. मधेच केव्हातरी माझ्या हातातली डाळ सांडल्यासारखं मला ते कळलं. लिहायचीय म्हणालात. सांगायचीय म्हणाला नव्हतात. आदल्या वर्षभरात सिनेमातल्या पाट्या तुम्ही मला नेहमी 'सांगितल्या' होत्या. ही नवी होती. चौथ्या वहीत जिथे मी 'पाटी:' लिहून थांबले होते, तिथली.

तेव्हापासून मी ती भरायचा प्रयत्न करते आहे. रोज सकाळी, मुक्ताची बस गेल्यावर. पहिल्या दिवशी मी माफीचं एक वाक्य लिहिलं. ते तुमचं वाटेना, खोडलं. मग 'दिवा होता का?' असं लिहिलं. चांगलं होतं, पण ते मला सुचलेलं होतं, तुम्हाला नाही. काल लिहिलं, 'तू वाचायला शिकलीस.' त्यावर मी बराच वेळ बसले. मग लक्षात आलं की ते दारात उभ्या असलेल्या माणसाला माहीतच नव्हतं. ते त्याला कळलं एवढ्यात, बिन महमूदमधल्या एका रविवारी, सुनेच्या तोंडून. तेही खोडलं. पान आता इतकं खराब झालं आहे की खालचं प्लास्टिक दिसेल की काय असं वाटतं.

मुक्ता परवा शाळेतून येऊन माझ्या खांद्याशी उभी राहिली. तिने वहीतल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "What does it say?" मी वाचून दाखवलं. अंगण, टांगा, हॅट, दारातली बाई. तिला प्रत्येक शब्द कळला आणि एकही वाचता आला नाही. मी 'पाटी' शब्दापर्यंत आले आणि थांबले.

"And then?"

"मग नानांची पाटी येते."

"What did he write?"

मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "So leave space, no? He was going to tell you." आणि टीव्ही लावायला गेली.

श्रीकांतला मी काल फोनवर सांगितलं की येताना मंडईजवळच्या दुकानातून एक पाटी आण, लाकडी चौकटीची, आणि पेन्सिली. तो म्हणाला, "पाटी? कशाला?" मी म्हटलं, मुक्ताला. त्याने आणखी विचारलं नाही. तुमचाच मुलगा आहे.

आज सकाळी मी ते खोडाखोडीचं पान फाडलं. तुमचा तो प्रसंग नव्या पानावर स्वच्छ अक्षरात उतरवला. अंगण. संध्याकाळ. माझा एकही शब्द त्यात घातला नाही. 'पाटीपाठीमागे' असे दोन शब्द चुकून जोडून पडले होते, ते तोडले. मग 'पाटी:' लिहिलं आणि खाली चार ओळी सोडल्या.

आता पावणेआठ झाले आहेत. बस गेली. शेजारच्या फ्लॅटमध्ये रेडिओ लागला आहे, कुठलं स्टेशन ते मला ओळखता येत नाही. टेबलावर वही आहे, समास उजवीकडे. तुमच्या बाजूची खुर्ची मी जरा मागे ओढून ठेवली आहे, तुम्हाला बसायला लागते तेवढी. आज मला दुसरं काही काम नाही, डाळ कालच निवडून ठेवली.

पेन उघडलंय, नाना. सांगा.